तिसरा पेअर

प्रिय ठिपके,

तुझा फोन येऊन गेल्यापासून दोन दिवस मी कागद पुढ्यात घेऊन बसते आणि उठते आहे. तू म्हणालीस, प्रदर्शन रविवारी संपतंय, मग पंधरा दिवसांची रजा आहे, कुठे जायचं ते अजून ठरवलं नाही. त्यावर मी नुसतं बरं म्हटलं आणि फोन बाबांच्या हातात दिला. तुला वाटलं असेल, आईला काही बोलायचंच नाही. बोलायचं होतं गं. पण फोनवर पलीकडच्या माणसाचा श्वास ऐकू आला की माझं वाक्य मध्येच मोडतं. कागद बरा, तो मध्ये बोलत नाही. तर रजेचं मी अगदी शेवटी सांगणार आहे. त्याआधी एक चोरी कबूल करते. आम्ही दोघं तुझं प्रदर्शन बघून आलो.

रागावू नकोस. उद्घाटनाची दोन कार्डं तू धाडली होतीस, तेव्हा मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघा ठीक होता. पण तू समोर असतीस तर मी चित्रं सोडून तुझ्याच तोंडाकडे बघत बसले असते, तू चार मोठ्या माणसांत माझी ओळख करून दिली असतीस, आणि मी काहीतरी खुळचट बोलून गेले असते. म्हणून तुझ्या सुट्टीचा मंगळवार धरला. सकाळच्या बसने चार तास. बाबांनी दुकानाला कुलूप लावलं, दारावर पाटी अडकवली, ‘घड्याळजी गावाला गेले आहेत, घड्याळे सुखरूप आहेत.’ वाटभर म्हणत होते, लेकीच्या घरी चोरासारखं जाणारे आपणच पहिले. मी म्हटलं, घरी कुठे, कचेरीत जातोय. आणि गप्प बसा, बसमधले लोक बघताहेत.

संग्रहालयाच्या दारातच तो मोठा फलक. फुलं, फळं आणि भांडी, आणि खाली बारीक अक्षरात तुझं नाव, आडनावासकट. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. मला म्हणाले, तू वाच मोठ्यानं. मी वाचलं. माझं स्वतःचं काही छापून आलं ते एकदाच, मॅट्रिकच्या निकालात, तेही नाव नव्हे, नुसता नंबर. पण तो नंबर माझ्या वडिलांनी ज्या तऱ्हेनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवला होता, तो चेहरा मला त्या दिवशी बाबांच्या तोंडावर दिसला. देवाचं नाव घेतलं आणि उजवा पाय आत टाकला. हो, टाकला. हसायचं ते हस.

पहिल्या खोलीत ती साडेतीन हजार वर्षांपूर्वीची थडग्याची भिंत, मोठी करून छापलेली. मेलेल्या माणसासमोर मांडलेली फळं, भाकऱ्या, कमळं. तू पाटीवर लिहिलंयस की हे सजावटीसाठी काढलेलं नव्हतं, त्या माणसाला पुढच्या प्रवासात उपाशी राहायला लागू नये म्हणून काढलं होतं. मी तिथेच थबकले. म्हणजे चित्रातल्या फळानं पोट भरतं अशी श्रद्धा होती तर! मी रोज देवापुढे वाटी ठेवते, देव खात नाही हे मलाही माहीत आहे, तरी ठेवते. मला कधी कुणी सांगितलं नव्हतं की माझं ठेवणं आणि त्या चित्रकाराचं काढणं सख्खी भावंडं आहेत. आणि त्याच खोलीतली ती फरशी! जेवण आटोपल्यावर खाली पडलेली साली-टरफलं, माशाचे काटे, कोंबडीचा पाय, सगळं बारीक-बारीक रंगीत दगड जोडून कायमचं बसवलेलं, आणि शेजारी एक उंदीर अक्रोड कुरतडतोय. पैसेवाल्याच्या घरी न झाडलेली जमीन मुद्दाम करून घेत होते, हे वाचून मी कपाळावर हात मारला. बाबा म्हणाले, बघ, मी जेवून उठल्यावर माझ्या पाटाभोवती असतं ते हेच, आणि तू त्याला पसारा म्हणतेस. तेव्हापासून घरी आले आहेत तर बोटभर कचरा सांडला की म्हणतात, राहू दे, कला आहे.

मग ती काळोख्या खिडकीतली कोबी. एक कोबीचा गड्डा, एक पिवळं फळ, दोन्ही दोरीनं टांगलेली, खाली कापलेला खरबुजाचा तुकडा आणि काकडी. बस्स. पाठीमागे मिट्ट काळं. लोक पुढे सरकत होते, मला मात्र हलवेना. कारण भाजी टांगून ठेवली की हवा लागते, टिकते, हे चित्र काढणाऱ्याला ठाऊक होतं. कुण्या बाईनं कोठीत अशीच टांगलेली असणार, आणि त्यानं ती देवळातली मूर्ती बघावी तशी बघितली. मी पंचेचाळीस वर्षं कोबी चिरते आहे ठिपके, आणि कोबीच्या पानावरच्या शिरांकडे माझं लक्ष त्या मंगळवारी गेलं. ते तू नेलंस.

बाबांची फजिती पुढच्या खोलीत झाली. तिथे एका चित्रात कवटी, विझलेली मेणबत्ती आणि निळ्या फितीचं खिशातलं घड्याळ आहे ना, त्याची किल्ली फितीला लटकलेली? बाबांनी खिशातून कामाचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि वाकले. इतके वाकले की कोपऱ्यातली पहारेकरीण धावत आली. काका, मागे व्हा, रेघेच्या मागे! बाबा म्हणाले, मला फक्त एवढंच बघायचंय की हे घड्याळ चालू आहे की बंद. ती बिचारी चक्रावली. म्हणाली, काका, चित्र आहे ते. बाबा म्हणाले, ते मला दिसतंय, पण ज्यानं काढलं त्यानं किल्ली दिली होती की नाही? मी त्यांच्या कोटाची मागची बाजू धरून त्यांना ओढलं. आणि लगेच माझीच पाळी आली. शेजारच्या चित्रात टेबलावर अर्धवट सोललेलं लिंबू, त्याची साल स्प्रिंगसारखी खाली लोंबतेय, आणि एक सुरी, तिची मूठ टेबलाच्या कडेबाहेर आलेली. माझा हात आपसूक वर गेला, ती आत ढकलायला. पहारेकरीण म्हणाली, बाई, तुम्हीसुद्धा?

तुला हसू येतंय की नाही मला माहीत नाही. कारण ती सुरी तुला माहीत आहे. आपल्या मागच्या खोलीतलं बाबांचं जुनं कामाचं टेबल, उत्तरेकडची खिडकी, पोचा पडलेला पितळी जग, निळ्या काठाचा पंचा, अर्धं सोललेलं संत्रं, द्राक्षांचा घोस, तीन पेअर आणि मूठ बाहेर काढलेली सुरी. कलाशाळेच्या प्रवेशासाठी तुला समोर वस्तू मांडून काढलेलं एक चित्र द्यायचं होतं. तू खडूनं टेबलावर प्रत्येक वस्तूभोवती खूण केलीस आणि घरात दवंडी पिटलीस की आठ दिवस कुणी कशाला हात लावायचा नाही. मी येता-जाता ती सुरी आत ढकलायची, कुणाला लागेल म्हणून. तू पुन्हा बाहेर काढायचीस. तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, आई, ती सुरी बाहेर असली की बघणाऱ्याला वाटतं आपण हात पुढे केला तर ती घेता येईल, चित्र घराच्या आत येतं. मी म्हटलं, चित्र येईल तेव्हा येईल, आधी रक्त येईल. ती मूठ त्या कडेबाहेर का असते हे तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला माहीत होतं आणि अठरा वर्षांच्या माझ्या पोरीला माहीत होतं. मला नव्हतं.

पुढचं सांगायच्या आधी फुलांच्या खोलीचं सांगू दे. तिथे माझी मान जी वर झाली ती अजून खाली आलेली नाही. तो भला मोठा गुच्छ, काळ्या पाठीवर, बघता क्षणी मी बाबांना म्हटलं, हे खोटं आहे. ट्यूलिप आणि सूर्यफूल एका फुलदाणीत? तुझ्याच पुस्तकात वाचलंय, तिकडच्या थंड मुलखात ट्यूलिप वसंतात येतो आणि माना टाकतो, सूर्यफूल यायला उन्हाळा उतरणीला लागतो. माझी वही आहे साक्षीला. डाव्या पानावर खर्च आणि उजव्या पानावर त्या दिवशी देवाला कुठलं फूल वाहिलं ते. एकोणचाळीस वर्षांत दोन मोसमांची फुलं एका पानावर कधी आली नाहीत. बाबा म्हणाले, खाली पाटी वाच. वाचली. तू लिहिलंयस की हे चित्रकार एकेक फूल त्याच्या-त्याच्या मोसमात कागदावर उतरवून ठेवत आणि मग सगळी एकत्र रंगवत, त्यामुळे असा गुच्छ खऱ्या जगात कुणाला कधी मिळाला नसता. आणि त्याखाली, ‘देव सगळी फुलं एका दिवशी देत नाही, असं आमच्या घरी म्हणतात. चित्रकार देतो.’

ठिपके, तू सात वर्षांची होतीस. शाळेसाठी एका कुंडीत जगातली सगळी फुलं काढली होतीस आणि मी वही आणून तुला दाखवली होती, हे बघ, देव सगळी फुलं एका दिवशी देत नाही, पाळीपाळीनं देतो, रेशनसारखी. तू रडलीस आणि चित्र फाडलंस. मला वाटलं होतं तू ते केव्हाच विसरलीस. ते वाक्य पितळेच्या चौकटीत, काचेखाली, भिंतीवर! आमच्या घरी म्हणतात! शेजारी कॉलेजातल्या दोन मुली उभ्या होत्या, एकीनं ते वहीत उतरवून घेतलं. माझं वाक्य. ‘चित्रकार देतो’ हे वाचून आधी मला जरा टोचलं, देवाची बरोबरी कशाला म्हणून. पण बसमध्ये विचार केला, की ज्यानं फुलं दिली त्यानंच ती नजर आणि तो हात दिला. तेव्हा हिशेब एकाच घरात जमा. पटलं मला. तू वाक्य पुरं केलंस, मी अर्धंच बोलत होते.

त्याच खोलीत ती चित्रकार बाई, दहा मुलांची आई. तू लिहिलंयस की त्या काळी बायकांना माणसांची अंगं बघून चित्र काढायची मुभा नव्हती, म्हणून त्या फुलांकडे वळल्या, आणि फुलांनाच त्यांनी मोठं केलं. आणि ही बाई ऐंशीच्या पुढे गेली तरी रंगवत होती, आणि सहीशेजारी वय लिहीत होती. दहा बाळंतपणं आणि पाकळीवरच्या दवाच्या थेंबात खिडकी दिसते! बाबा म्हणाले, स्वयंपाक कोण करत असेल? मी म्हटलं, बघा, तिच्या चित्राशी उभे राहून तुम्हाला हेच सुचलं. पण खरं सांगू, मलाही तेच सुचलं होतं. मग मनात आलं, कुणीतरी तिच्या टेबलावरच्या वस्तूंना हात लावत नव्हतं. दहा पोरांच्या घरात कुणीतरी नक्की राखण करत होतं.

एव्हाना पहारेकरणीशी आमची चांगली गट्टी जमली होती. ती म्हणाली, या सगळ्या पाट्या आमच्या मॅडमनी लिहिल्यात. आधी फार अवघड होत्या, मग त्यांनी मला बोलावून एकेक वाचून दाखवली. मला कळली नाही की पुन्हा लिहायच्या. म्हणायच्या, माझ्या आईला कळेल का, ते मला तुमच्यावरून समजतं. मी पदराचं टोक हातात गच्च धरलं. बाबांना राहवेना, म्हणाले, आमची आहे ती. तिनं विचारलं, कोण? मी त्यांना चिमटा काढला, पण मग माझ्याच तोंडून निघून गेलं, तुमच्या मॅडम. माझी मुलगी. ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, मला सुरीच्या वेळीच संशय आला होता, मॅडमसुद्धा तिथे आल्या की हात मागे बांधतात. तिला शपथ घातलीय सांगू नकोस म्हणून. सांगितलं असेल तर रागावू नकोस, चांगली आहे. आणि दारातल्या अभिप्रायाच्या वहीत ‘सर्व फळे जागच्या जागी आहेत, कुणी हात लावलेला नाही. वय सदुसष्ट’ असं कुणी खुळीनं लिहिलंय म्हणून तुम्ही लोक हसला असाल, तर ती खुळी मी. त्या दहा मुलांच्या आईनं वय लिहिलं, मग मी का नको?

आता ते पेअर. पाचव्या दिवशी तुझी आत्या न कळवता आली, बरोबर तिचे दीर-जाऊ. तू क्लासला गेली होतीस. मी टेबलावरचे पेअर उचलले, कापले, द्राक्षं धुतली, ताटली भरून पुढे ठेवली. तू आलीस तेव्हा टेबलावर खडूच्या खुणा होत्या आणि बशीत देठ. तू ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, आई, तू माझं चित्र वाढलंस. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून तीन नवे पेअर आणून खुणांवर बरोबर ठेवले आणि मला वाटलं, झालं. तू म्हणालीस, हे ते पेअर नाहीत. मी म्हटलं, पेअर म्हणजे पेअर, त्यांना काय जन्मपत्रिका असते? तू ब्रश धुतलेस, पुसलेस, डब्यात ठेवलेस. त्या वर्षीची तारीख गेली. पुढच्या वर्षी तू चित्रांचा इतिहास घेतलास, चित्रं काढायची सोडून चित्रांवर लिहायला लागलीस, आणि नऊ वर्षांत ब्रशला शिवली नाहीस. मी सगळ्यांना सांगत आले की काय करणार, पाहुणे आले, घरात दुसरं काही नव्हतं, आणि अन्न डोळ्यांदेखत नासू देणं माझ्या धर्मात बसत नाही.

फुलांच्या खोलीतल्या बाकावर मी बरीच बसले होते. समोर तुझी पाटी होती, एका चित्रकारानं गिऱ्हाइकाला कळवलं होतं की गेल्या साली पिवळा गुलाब मिळाला नाही, नाहीतर चित्र पुरं झालं असतं. एका फुलासाठी वर्षभर थांबला तो माणूस. आणि माझं पोर आठ दिवस मागत होतं. तेव्हा आज देवासमोर बसून लिहिते, की त्या दिवशी फडताळात सहा सफरचंदं होती. मला माहीत होतं. मी फडताळ उघडलं, बघितली, आणि बंद केलं. मला भीती वाटत होती गं. तू पाच दिवस त्या टेबलाशी जशी बसली होतीस, हाक मारली तरी ऐकू येत नव्हती, तशी मी तुला कधी बघितली नव्हती. वाटलं, ही हातातून गेली, हिचं पोट कशावर भरणार, हिला कोण विचारणार. मी माझ्या भीतीला काटकसरीचं लुगडं नेसवलं आणि नऊ वर्षं मिरवलं. तू तरीही उभी राहिलीस, आणि अशी राहिलीस की लोक रांग लावून तुझी वाक्यं उतरवून घेतात. त्यात माझं श्रेय काही नाही, अभिमान मात्र सगळा माझा आहे. तो मी कुणाला वाटून देणार नाही, बाबांनाही अर्धाच.

हे पत्र कशासाठी, ते आता लिहिते. ते अर्धं चित्र तू भंगारवाल्याला दे म्हणाली होतीस. मी कधी काही टाकते का? कपाटामागे जुन्या चादरीत गुंडाळलेलं आहे. जग झालाय, पंचा झालाय, दोन पेअर झालेत, तिसऱ्याची नुसती कोळशाची रेघ आहे. प्रदर्शनाहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोलीतलं टेबल खिडकीशी ओढलं, चित्र समोर ठेवून त्यावरून एकेक वस्तू मांडली. आज अकरा दिवस झाले. द्राक्षं सुरकुतली, संत्र्याची साल वाळून वळली, डावीकडच्या पेअरवर तपकिरी ठिपका आलाय आणि काल त्यावर एक माशी बसली होती. मी हाकलली नाही, तुझ्या प्रदर्शनातल्या चित्रांत माश्याही होत्या. बाबा दारातूनच बघतात, म्हणतात, घरात पेअर असून उपाशी मरायची वेळ आली. देवाला सांगितलंय की हे टाकलेलं नाही, ठेवलेलं आहे. हे ते पेअर नाहीत, ते मला आता कळतं. पण त्या माणसालाही गेल्या सालचाच गुलाब हवा होता असं नाही, तो पुढच्याची वाट बघत होता. हे पेअर नासले तर मी दुसरे आणीन, ते नासले तर तिसरे. रजेत कुठे जायचं ते तूच ठरव. आलीस तर रंगवच असंही म्हणणार नाही. खिडकीतला उजेड सकाळी दहाला त्या तिसऱ्या पेअरवर येतो, एवढंच कळवते. सुरीची मूठ टेबलाच्या कडेबाहेर आहे. येता-जाता दिसते, हात शिवशिवतो, पण अकरा दिवसांत मी ती एकदाही आत ढकललेली नाही.

तुझीच, हात मागे बांधून उभी असलेली,
आई